वर्गातला न्याय आणि समावेशन: शिक्षक आणि पालक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

शिक्षकांच्या कार्यशाळेत, पालकसभा संपल्यावर दारात गाठून, कधी शिक्षकखोलीत दबक्या आवाजात विचारलेले हे प्रश्न आहेत. मी गणित शिकवते, त्यामुळे उदाहरणं तिकडची जास्त आली आहेत.

मी सगळ्या मुलांना सारखंच वागवते. न्याय म्हणजे आणखी वेगळं काय?

सारखं वागवणं ही सुरुवात चांगलीच आहे, पण तेवढ्याने भागत नाही. कुंपणाआडून सामना बघणारी तीन मुलं आणि त्यांच्या पायाखालची, उंचीनुसार कमी-जास्त दिलेली खोकी हे चित्र तुम्ही प्रत्येक प्रशिक्षणात पाहिलं असेल, ते इथे पुन्हा काढत बसत नाही. वर्गातलंच बघू. फळ्यावर लिहिता लिहिता फळ्याकडेच तोंड करून बोलायची सवय आपल्यापैकी बहुतेकांना असते. वागणूक सगळ्यांना सारखीच. पण ज्या मुलीला कमी ऐकू येतं आणि जी ओठांकडे बघून शब्द ओळखते, तिचा तास आपण पाठ फिरवली की तिथेच थांबतो.

किंवा आलेख घ्या. दोन रेघा, एक लाल आणि एक हिरवी. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण 12 पुरुषांमागे एकाला या दोन रंगांतला फरक नीट दिसत नाही. हे प्रमाण सगळीकडे सारखं नाही, पण 40 मुलांच्या वर्गात असा एखादा असला तर नवल नको. तो सांगत नाही, कारण इतरांना काय दिसतं हे त्याला कुठे ठाऊक असतं? एक रेघ सलग आणि दुसरी तुटक काढली की काम झालं. डावखुरी मुलं तर जवळपास दहांत एक असतात, तरी लिहायची फळी बसवलेल्या खुर्च्या येतात त्या बहुतेक उजव्या हाताच्याच. यातल्या कशातही कुणाचं काही काढून घ्यावं लागत नाही.

माझ्या वर्गात भेदभाव होतच नाही. मग मोजायचं काय?

मलाही तसंच वाटायचं. एका सहकारी बाईंनी सुचवलं म्हणून मी वर्गाच्या बैठकीचा नकाशा काढला, प्रत्येक मुलासाठी एक चौकोन. खुणा करायला त्यांनाच मागच्या बाकावर बसवलं. मी ज्याला प्रश्न विचारेन त्याच्या चौकोनात उभी रेघ. उत्तर चुकलं आणि मी लगेच दुसऱ्याकडे वळले तर त्या रेघेवर काट. शाबासकीला टिंब. दटावलं तर फुली.

तास संपल्यावर कागद हातात घेतला. पुढचे दोन बाक आणि मधली रांग, एवढ्यात रेघांचं जंगल. खिडकीकडच्या मागच्या कोपऱ्यातले चार चौकोन कोरे करकरीत. एका मुलाच्या चौकोनात रेघ एकही नाही आणि फुल्या तीन. म्हणजे त्या तासात त्याच्याशी मी जे काही बोलले ते फक्त रागावण्यासाठी, आणि मला ते आठवतसुद्धा नव्हतं. त्या दिवशी कुणी मला विचारलं असतं तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं, की मी सगळ्यांशी बोलते.

रेघांत मुलग्यांचा वाटा मोठा होता, म्हणून पुढच्या आठवड्यात मी ठरवून मुलींना जास्त वेळा विचारलं. तास संपताच दोन मुलगे तक्रार घेऊन हजर: “बाई, आज सगळे प्रश्न मुलींनाच!” कागदावर मुलींच्या रेघा एकूण रेघांच्या निम्म्याही भरल्या नव्हत्या. सवयीचा वाटा थोडा कमी झाला की तो हिसकावून घेतल्यासारखा वाटतो, आणि हे काही मुलांपुरतंच नाही.

एक सांगून ठेवते. हा कागद वरिष्ठांना दाखवायचा नाही आणि फाइलला तर मुळीच लावायचा नाही. त्यावरून शिक्षकाला गुण मिळायला लागले की तो दुसऱ्याच आठवड्यापासून खोटा भरला जातो.

हात वर न करणाऱ्या मुलाला विचारलं की त्याची पंचाईत होत नाही का?

घाई केली तर होते. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. 1974 मध्ये त्यांनी मांडलेले निष्कर्ष शिक्षकांना आजही चपापायला लावतात. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी सुमारे एकच सेकंद थांबत होते. ही वाट तीन सेकंदांपर्यंत नेली तर उत्तरं लांबत होती, “माहीत नाही” कमी होत होतं आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलायला लागत होती. बोचणारा भाग पुढे आहे: ज्यांना शिक्षक हुशार समजत होते त्यांच्यासाठी ते जास्त वेळ थांबत होते आणि मागे पडलेल्यांसाठी कमी. ज्याला वेळ हवा त्यालाच तो मिळत नव्हता.

तीन सेकंद म्हणजे काय ते एकदा मनात मोजून बघा. वर्गातली ती शांतता अंगावर येते. मी सुरुवातीला खडूचे हात पुसायचे, म्हणजे थांबण्याला निमित्त मिळायचं.

क्रमही महत्त्वाचा. आधी नाव घेऊन मग प्रश्न विचारला की बाकीचा वर्ग सुटला म्हणून सैल होतो. प्रश्न आधी, मग थांबणं, मग नाव. अवघड प्रश्न असेल तर आधी अर्धा मिनिट शेजाऱ्याशी बोलू द्यावं. मग उत्तर चुकलं तरी ते दोघांचं चुकतं. “नंतर विचारा” म्हणायची मुभा द्यावी, पण मग खरंच परत विचारावं. आणि “कुणाला समजलं नाही?” हा प्रश्न तर सोडूनच द्या. वर्षानुवर्षं विचारला आणि खिडकीकडच्या कोपऱ्यातून एकदाही हात वर आला नाही. त्यापेक्षा सगळ्यांनी पाटीवर उत्तर लिहून पाटी उंच धरायची. कोण कुठे अडलं ते दहा सेकंदांत दिसतं.

शिक्षकाच्या मनातल्या अपेक्षेने खरंच एवढा फरक पडतो?

पडतो, पण जेवढा भाषणांत सांगतात तेवढा सरसकट नाही. रॉबर्ट रोझेन्थाल आणि लेनोर जेकबसन यांनी 1968 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग नेहमी सांगितला जातो. कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षकांना काही मुलांची नावं देऊन सांगितलं गेलं की ही मुलं यंदा झपाट्याने पुढे जाणार आहेत. नावं प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली होती. वर्षअखेरीस त्यांतल्या काहींचे बुद्ध्यंक खरोखर जास्त वाढलेले आढळले, मुख्यतः पहिली-दुसरीत. वरच्या इयत्तांत फरक फारसा नव्हता. पुढे या प्रयोगाच्या पद्धतीवर पुष्कळ टीका झाली आणि नंतरच्या अभ्यासांत परिणाम लहान आढळला.

लहान असला तरी वर्गात तो दिसतो कसा, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ज्याला आपण ‘ढ’ ठरवलं त्याला सोपेच प्रश्न जातात, त्याच्या अर्धवट उत्तरावरही “छान” म्हणून आपण पुढे सरकतो. ही दया त्याला महागात पडते. मुलं हे फार लवकर ओळखतात. शिक्षकखोलीत ‘कच्ची मुलं’ हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो, जणू तो रक्तगट आहे. “अपूर्णांकांचा भागाकार अजून जमत नाही” असं म्हणून बघा. वाक्य लांब होतं, पण पुढे काय करायचं ते त्यातच असतं.

समावेशन आणि ‘सगळ्यांना प्रवेश’ यांत फरक काय?

दार उघडणं आणि आत जागा करणं ही दोन कामं आहेत. 1848 मध्ये सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली तेव्हा लढाई दाराची होती. अमेरिकेत 1954 च्या ब्राउन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वंशावरून वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तीही दाराचीच. पण नोव्हेंबर 1960 मध्ये न्यू ऑर्लिन्समधल्या शाळेत सहा वर्षांची कृष्णवर्णीय रूबी ब्रिजेस मार्शलांच्या पहाऱ्यात गेली, तेव्हा गोऱ्या पालकांनी आपली मुलं काढून नेली. ते वर्ष ती एका रिकाम्या वर्गात एकाच शिक्षिकेकडे, बार्बरा हेन्री यांच्याकडे, एकटी शिकली. प्रवेश मिळालेला होता, वर्ग मात्र नव्हता.

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार 2006 चा. त्याचं 24 वं कलम शिक्षणाचं आहे. 2016 मध्ये त्याचं स्पष्टीकरण करताना कराराच्या समितीने चार अवस्था वेगळ्या केल्या: वगळणं, वेगळं बसवणं, आहे त्या व्यवस्थेत मुलाने जुळवून घेणं, आणि व्यवस्थेने स्वतः बदलणं. आपल्याकडे ज्याला समावेशन म्हणतात ते बऱ्याचदा तिसऱ्या पायरीवर थांबलेलं असतं.

विशेष गरज असलेलं मूल वर्गात आलं की बाकीच्यांचा अभ्यास मागे पडत नाही का?

हा प्रश्न विचारणाऱ्या पालकांना लगेच वाईट ठरवू नये. भीती खरी असते. आणि उत्तरही एका शब्दात नाही. मूल वर्गात आणून बसवलं, शिक्षकाला ना प्रशिक्षण ना मदतनीस, आणि वर ‘आमची शाळा समावेशक’ असा फलक लावला, तर सगळ्यांचंच नुकसान होतं, आणि सर्वांत जास्त त्या मुलाचं. पण हा दोष त्या मुलाच्या माथी मारता येणार नाही.

दुसरी बाजू अशी की यातलं बरंच काही आता आजमावून झालेलं आहे. इटलीने 1977 मध्येच कायदा करून विशेष वर्ग बंद केले आणि अपंग मुलांना नेहमीच्या वर्गांत आणलं, सोबत आधार-शिक्षकही दिले. 1994 मध्ये स्पेनमधल्या सालामांका इथे 92 सरकारांनी आणि 25 आंतरराष्ट्रीय संघटनांनी सर्वसमावेशक शाळांच्या बाजूने जाहीरनामा स्वीकारला.

आणि मदत एकासाठी केली तरी ती वाहत जाते. एका मुलाला तोंडी सूचनांची साखळी लक्षात राहायची नाही: “वही काढा, तारीख टाका, पान 42, तिसरं उदाहरण.” त्याच्यासाठी मी हे चार टप्पे फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात क्रमाने लिहायला लागले. महिनाभरात “बाई, कोणतं पान?” हा गजर बंद पडला. तो प्रश्न तोवर अर्धा वर्ग विचारायचा.

मग हुशारीनुसार वेगळ्या तुकड्या केल्या तर शिकवणं सोपं नाही का होत?

शिकवणं सोपं होतं, खरं आहे. शिकणं होतंच असं नाही. खालच्या तुकडीला बहुधा नवखे शिक्षक मिळतात, कमी अभ्यासक्रम मिळतो, आणि आपण खालच्या तुकडीत आहोत ही जाणीव फुकट मिळते. वर चढण्याची वाट कागदावर असते. फिनलंडने 1970 च्या दशकात लहान वयात मुलांची दोन वाटांनी विभागणी करणं थांबवलं आणि सगळ्यांसाठी एकच पायाभूत शाळा आणली. एखाद्या घटकापुरते दोन-तीन आठवड्यांचे गट करायला माझी हरकत नाही. ते मोडायची तारीख आधी ठरवा, मग करा.

वेगवेगळ्या घरांतली मुलं एका गटात बसवली की पूर्वग्रह आपोआप जातात ना?

आपोआप नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्येच अटी सांगून ठेवल्या: दोन्हीकडचा दर्जा समान हवा, ध्येय एकच हवं, ते सहकार्यानेच गाठता यावं आणि वरिष्ठांचा त्याला पाठिंबा हवा. नुसतं शेजारी बसवलं आणि स्पर्धा लावली तर तेढ वाढूही शकते.

1971 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात वेगवेगळ्या वंशांच्या मुलांच्या शाळा नुकत्याच एकत्र झाल्या होत्या आणि वर्गांत तणाव होता. एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी तिथे एक पद्धत बसवली. धड्याचे पाच-सहा तुकडे करायचे, गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा द्यायचा. प्रत्येकाने आपला तुकडा इतर गटांतल्या त्याच तुकडेवाल्यांबरोबर पक्का करायचा, मग आपल्या गटात येऊन शिकवायचा. आता ज्याला एरवी कुणी विचारत नाही त्याचं ऐकल्याशिवाय धडा पुराच होत नाही. मी ही पद्धत भूमितीत वापरली आहे. पहिले दोन प्रयत्न फसले, कारण मी सर्वांत सोपा तुकडा सवयीने ‘त्याला’ दिला होता. मुलांनी तो ओळखला.

घरी वेगळी भाषा बोलणारं मूल वर्गात गप्प असतं. काय करावं?

गप्प असणं म्हणजे न येणं असं धरून चालू नका. युनेस्कोने 2016 मध्ये मांडलं होतं की जगातल्या सुमारे 40 टक्के लोकांना त्यांना बोलता येणाऱ्या किंवा समजणाऱ्या भाषेत शिक्षण मिळत नाही. म्हणजे ही काही एखाद्या मुलाची अडचण नव्हे.

घरच्या भाषेत विचार करायला, शेजाऱ्याला विचारायला, वहीच्या कडेला टिपण लिहायला मोकळीक द्या. नव्या शब्दांसोबत चित्र किंवा वस्तू दाखवा. आणि ‘अशुद्ध बोलतो’ हा शेरा प्रगतिपुस्तकावर लिहू नका. ते मूल जे बोलतं ती त्याच्या आजीची भाषा आहे. प्रमाणभाषा शिकवायची तर शिकवा, पण दुसरी भाषा म्हणून शिकवा, पहिलीला हसून नव्हे.

पेपर तपासताना पक्षपात कसा टाळायचा?

एका चांगल्या गुणाची सावली बाकीच्या गुणांवर पडते, हे एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने 1920 मध्ये दाखवलं होतं. अक्षर सुंदर असलं की उत्तरही बरोबर वाटायला लागतं. दोन साधे उपाय आहेत. नाव दिसू नये म्हणून उत्तरपत्रिकेचं पहिलं पान उलटून ठेवा. आणि एक अख्खा पेपर संपवून दुसरा घेण्याऐवजी आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न तपासा, मग सगळ्यांचा दुसरा, दर वेळी गठ्ठ्याचा क्रम बदलून. वेळ थोडा जास्त लागतो. पण पहिल्या उत्तरावर खूश होऊन पुढची पाच उत्तरं सैल हाताने तपासणं थांबतं.

बाक उचलायला मुलगे, पाहुण्यांच्या स्वागताला मुली. यात एवढं काय वावगं?

एकदा झालं तर काहीच नाही. दहा वर्षं झालं तर तो अभ्यासक्रमच होतो. कामांची यादी भिंतीवर लावा आणि हजेरीच्या क्रमाने फिरवा, साफसफाईसकट.

वर्गात कुणी जातीवरून, रंगावरून, अंगावरून घालूनपाडून बोललं तर तिथल्या तिथे काय करावं?

ऐकू न आल्यासारखं करू नका. ज्याला टोमणा बसला त्याचं लक्ष बोलणाऱ्याकडे नसतं, तुमच्याकडे असतं. लांब भाषणही नको. “हा शब्द या वर्गात चालणार नाही” एवढं शांतपणे म्हणून तास पुढे न्या. मग दोघांशी वेगवेगळं बोला, आणि ज्याला लागलं त्याच्याशी आधी. सगळ्यांसमोर “माफी माग” म्हणायचं आणि दोघांना हात मिळवायला लावायचं, ही आपली जुनी रीत. त्यात ज्याला लागलं त्याच्यावरच ‘माफ केलं’ म्हणायची सक्ती होते. “गंमत केली” हे उत्तर हमखास येतं. त्यावर मी विचारते, “कोण कोण हसलं? तो हसला का?”

लहान मुलांशी अन्यायाबद्दल बोलणं घाईचं नाही का?

चार वर्षांचं मूलही “त्याला जास्त दिलं” हे ओळखतं आणि घर डोक्यावर घेतं. समज असतेच, आपण तिला शब्द देतो की गप्प करतो, एवढाच प्रश्न.

पद्धतीबद्दल मात्र जपून. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या 4 एप्रिल 1968 ला झाली. दुसऱ्याच दिवशी आयोवा राज्यातल्या जेन एलियट या शिक्षिकेने तिसरीच्या वर्गाची डोळ्यांच्या रंगावरून विभागणी केली आणि एका गटाला सवलती दिल्या. काही तासांत वरच्या गटातली मुलं तोरा मिरवायला लागली, खालच्या गटातली कोमेजली. प्रयोग जगभर गाजला. माझं मत असं की मुलांना फसवून दुखावणारा असा खेळ कुणी सहज म्हणून करू नये. दुखावलेलं मन सावरायला त्या शिक्षिकेइतकं धैर्य आणि वर्षभराचं नातं लागतं. धड्यातल्या गणितांत नोकरी कोण करतं, घर कोण झाडतं, दुकान कोणाचं, हे मुलांनाच मोजायला सांगा. तेवढ्यानेही चर्चा पेटते.

म्हणजे वर्गात राजकारण आणायचं?

पक्ष आणायचा नाही, निवडणूक आणायची नाही, शिक्षकाचं मत मुलांच्या गळी उतरवायचं नाही. पण कोण पुढे बसेल, कुणाचं नाव नीट उच्चारलं जाईल, कुणाचे सण भिंतीवर दिसतील, हे ठरवणं आधीपासून चालूच असतं. ते कुणी ठरवलं हे विचारलं की त्याला राजकारण म्हणतात, न विचारता चालू ठेवलं की शिस्त. बालहक्कांचा करार 1989 चा. त्याच्या 12 व्या कलमानुसार मुलांना त्यांच्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा आणि वयानुसार ते विचारात घेतलं जाण्याचा हक्क आहे. वर्गाचे नियम ही तर त्यांच्याशी संबंधित बाब आहेच.

आणि मुलांनी शिक्षकाचाच नियम अन्यायाचा म्हटला तर?

माझ्या बाबतीत घडलं आहे. वह्या तपासायच्या तक्त्यात माझा एक रकाना होता: टापटीप, 5 गुण. त्यातले 2 गुण वहीला कव्हर आणि नावाची चिठ्ठी आहे का यासाठी. वर्षानुवर्षं चाललं होतं. एके दिवशी पाचवीतली एक मुलगी वही घेऊन टेबलाशी आली. वहीला कव्हर नव्हतं, अक्षर मोत्यासारखं, सगळी उदाहरणं सोडवलेली.

“बाई, कव्हर मुलांनी घालायचं की आईबाबांनी?”

मी म्हटलं, “आईबाबांनी घातलं तरी चालेल.”

“मग ते गुण त्यांना मिळतात का?”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मागे रांगेत उभी असलेली मुलं तक्त्याकडे बघत होती. मी पट्टी घेतली, त्या रकान्यावर सरळ रेघ मारली आणि एकूण गुणांतून ते 5 गुण वगळून सगळ्यांची बेरीज पुन्हा करायला बसले.